इंदूरचे स्टेशन आणि दक्षिणेची वाट

एखाद्या शहराचा इतिहास जाणून घ्यावयाचा झाला म्हणजे आपण त्याच्या राजवाड्याकडे वळतो, देवळे आणि छत्र्या पाहतो, जुने दप्तर चाळतो. रेल्वे स्टेशनकडे त्या दृष्टीने पाहण्याची मात्र आपल्याला सवय नसते. तेथे आपण घाईने जातो आणि घाईनेच बाहेर पडतो. पण श्रोतेहो, गेल्या दीडशे वर्षांत शहराचे दैव ज्या दारातून आत आले आणि ज्या दारातून बाहेर गेले, ते दार म्हणजे त्या शहराचे स्टेशनच होय. हे दार कोणत्या दिशेला उघडते, किती रुंद आहे आणि ते कोणाच्या पैशाने बसविले गेले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे शहराचा अर्धा इतिहास हाती येतो.

इंदूरच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे. एका बाजूस सियागंजची घाऊक बाजारपेठ आणि दुसऱ्या बाजूस छोटी ग्वालटोली व सरवटे बसस्थानक, यांच्यामध्ये हे स्टेशन दाटीवाटीने वसलेले आहे. आज तेथून दिल्ली, मुंबई, पुणे, नागपूर, पाटणा, केरळ अशा दूरदूरच्या गाड्या सुटतात. परंतु या स्टेशनच्या जन्मकथेत एक विलक्षण गोष्ट आहे. ते ज्या वाटेसाठी बांधले गेले, ती दक्षिणेची वाट होती; आणि आज नेमकी तीच वाट तेथून बंद आहे.

ही कथा १८६९ साली सुरू होते. त्या वेळी मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची आगगाडी भुसावळ ओलांडून खांडव्याच्या बाजूने जबलपूरकडे सरकत होती. मार्च १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता ही दोन महानगरे लोहमार्गाने जोडली गेली. माळवा मात्र या मार्गाच्या उत्तरेस, नर्मदेपलीकडे, विंध्याच्या माथ्यावर राहिला. माळव्याचा कापूस, गहू आणि अफू ही तेव्हाची मोठी संपत्ती. इंदुरास अफूची पेटी वजन करून तिच्यावर सरकारी कर भरावयाचा आणि मग ती मुंबई बंदराकडे रवाना व्हावयाची, असा क्रम होता. हा सारा माल आग्रा-मुंबई रस्त्याने, खलघाटाशी नर्मदा उतरून, सेंधव्याचा घाट ओलांडून, धुळे-मालेगावावरून बैलगाड्यांच्या तांड्यांनी जाई. पावसाळ्यात हा प्रवास किती बेभरवशाचा असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

त्या वेळी इंदूरच्या गादीवर दुसरे तुकोजीराव होळकर होते. १८४४ पासून १८८६ पर्यंत त्यांनी राज्य केले. व्यापाराची आणि पैशाची त्यांना उत्तम जाण होती. इंदुरात कापडाची सरकारी गिरणी उभारण्याचा उद्योगही त्यांच्याच कारकिर्दीतला. आपली राजधानी मुख्य लोहमार्गाला जोडली गेली नाही तर माळव्याचा व्यापार दुसऱ्या वाटेने निघून जाईल, हे त्यांनी ओळखले. १८६९ साली त्यांनी हिंदुस्थान सरकारपुढे एक प्रस्ताव ठेवला. खांडव्यापासून इंदूरपर्यंत रेल्वे बांधावी. तीसाठी होळकर दरबार एक कोटी रुपये कर्जाऊ देईल. व्याज साडेचार टक्के, मुदत एकशे एक वर्षे. शिवाय संस्थानच्या हद्दीतील जमीन विनामूल्य. सरकारने १८७० साली हा प्रस्ताव मान्य केला, आणि या रेल्वेला नाव मिळाले 'होळकर स्टेट रेल्वे'.

एक कोटी रुपये या रकमेचे त्या काळचे मोल आज सांगून पटणार नाही. एका संस्थानिकाने ब्रिटिश सरकारला सावकाराप्रमाणे कर्ज द्यावे, ही घटनाच लक्षणीय होती. होळकरांचे पाहून शिंदे सरकारनेही पुढे इंदूर ते नीमच या मार्गासाठी पंचाहत्तर लाख रुपये देऊ केले. बडोद्याच्या गायकवाडांनी त्याआधी, १८६२ साली, डभोईस बैलांनी ओढावयाची लहानशी रेल्वे सुरू केलीच होती. मराठी संस्थानिकांपैकी हे तिघेही आगगाडीच्या प्रारंभकाळीच तिच्या मागे उभे राहिले, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच आढळते.

मात्र या व्यवहाराला दुसरीही बाजू होती. इंदूरच्या दक्षिणेस अवघ्या काही कोसांवर महूची लष्करी छावणी होती. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर झालेला हल्ला इंग्रज विसरले नव्हते. महूपर्यंत पलटणी जलद नेता याव्यात, ही त्यांची गरज होती. आणि तीसाठी पैसा होळकरांच्या खजिन्यातून येत होता. याखेरीज संस्थानांच्या हद्दीतून जाणाऱ्या अशा मुख्य लोहमार्गांच्या जमिनीवरील अधिकारक्षेत्र ब्रिटिश सरकारकडे सोपविण्याचा तेव्हा दंडक होता. म्हणजे पैसा होळकरांचा, भूमी होळकरांची. पण फलाटावर पाऊल ठेवताच माणूस इंग्रजी कायद्याच्या हद्दीत जाई. दार आपण बसवावयाचे आणि किल्ली दुसऱ्याने कमरेला लावावयाची, असा हा प्रकार होता.

या दाराची रुंदी कशी ठरली, तेही पाहण्यासारखे आहे. मुंबईहून येणारा मुख्य मार्ग ब्रॉडगेज होता. त्याच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असे. पण १८७० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या सरकारने काटकसरीसाठी नवे मार्ग मीटरगेज, म्हणजे सुमारे सव्वातीन फुटांचे बांधावयाचे धोरण स्वीकारले. खांडवा-इंदूर मार्ग या धोरणात सापडला. कारण असे दिले गेले की, विंध्याचा चढ फार अवघड आहे. चढ अवघड होता यात शंका नाही. कालाकुंड ते पातालपाणी या टप्प्यात दर चाळीस फुटांस एक फूट अशी चढण आहे. परंतु मुंबई-पुण्याच्या वाटेवरील बोरघाट त्याहूनही किंचित अधिक चढाचा, सदतीस फुटांस एक फूट असा आहे. आणि तो ब्रॉडगेजनेच १८६३ साली पार केला गेला होता. तेव्हा डोंगराने रुंद रूळ नाकारले असे म्हणण्यापेक्षा हिशेबाच्या वहीने ते नाकारले, असे म्हणणे अधिक योग्य होईल. या एका निर्णयाचे परिणाम इंदूरला पुढे जवळजवळ दीड शतक भोगावे लागले.

मार्ग अरुंद असला तरी काम थोर झाले, यात वाद नाही. खांडवा ते सनावद हा पहिला भाग १ डिसेंबर १८७४ रोजी खुला झाला. पुढे नर्मदा होती. बडवाह आणि मोरटक्का यांच्यामध्ये चौदा गाळ्यांचा लोखंडी पूल उभारण्यात आला, आणि १८७६ साली खुद्द तुकोजीरावांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. 'होळकर-नर्मदा पूल' हे त्याचे नाव. ओंकारेश्वराच्या यात्रेकरूंना या पुलाने आणि मोरटक्क्याच्या स्टेशनाने केवढी सोय झाली असेल! नर्मदेपलीकडे चोरल नदीच्या खोऱ्याने मार्ग वर चढतो. बोगदे, खोल कापण्या, दरडी आवरणाऱ्या भिंती, एकामागून एक पूल, असे करीत तो पातालपाण्याच्या धबधब्यापाशी विंध्याचा माथा गाठतो आणि महूवरून इंदुरात येतो. १८७७-७८ च्या सुमारास सुमारे १४० किलोमीटरचा हा मार्ग सलग सुरू झाला. रूळ सलग होण्यापूर्वी इंदुरास आणावयाचे पहिले इंजिन हत्तींकडून ओढून आणले, अशी एक आख्यायिका इंदुरात अजून सांगितली जाते. नव्या युगाचे वाहन जुन्या युगाच्या वाहनाने ओढून आणावे, यातला विनोद लोकांच्या मनात रुतून बसला असला पाहिजे.

उत्तरेकडेही काम चालू होतेच. इंदूरहून फतेहाबादमार्गे उज्जैन, पुढे रतलाम आणि नीमच, असे करीत १८८१ च्या सुमारास हा मीटरगेज मार्ग अजमेरपर्यंत जाऊन भिडला. होळकर आणि शिंदे यांच्या दोन्ही रेल्वे राजपुताना-माळवा रेल्वेत विलीन झाल्या, आणि १८८५ साली ती सारी व्यवस्था बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीकडे गेली. 'होळकर' हे नाव रेल्वेच्या पाटीवरून असे थोड्याच वर्षांत पुसले गेले. एकशे एक वर्षांच्या मुदतीची तर गंमतच झाली. ती मुदत १९७१ च्या आसपास पुरी व्हावयाची. पण १९४७ साली ब्रिटिश राज्य गेले, १९४८ साली होळकरांचे संस्थान मध्यभारतात विलीन झाले, आणि करार पूर्ण होण्यापूर्वीच ऋणको व धनको दोघेही इतिहासजमा झाले. रूळ मात्र जागच्या जागी राहिले.

या रुळांनी इंदूर बदलले. स्टेशनच्या आसपास गोदामे आणि पेठा उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मालवा मिल, हुकूमचंद मिल, राजकुमार मिल अशा गिरण्या निघाल्या, आणि कापसाच्या गाठींनी मालधक्के भरू लागले. गावठाणातले इंदूर लोहमार्गाच्या पश्चिमेस आणि रेसिडेन्सी पूर्वेस, अशी जी जुनी विभागणी होती, ती पुलांनी आणि फाटकांनी हळूहळू सांधली गेली. आज या दोन्ही बाजू एका शहराचे दोन खांदे झाले आहेत.

मराठी माणसाच्या दृष्टीने या स्टेशनचे महत्त्व आणखी वेगळे आहे. दरबाराच्या नोकरीसाठी, शाळा-कॉलेजांतील शिक्षकीसाठी, पौरोहित्यासाठी किंवा गाण्याबजावण्यासाठी दक्षिणेतून माळव्यात येणाऱ्या कुटुंबांची वाट खांडव्यावरून होती. पुण्याचा मनुष्य दौंड, मनमाड, भुसावळ करीत खांडव्यास येई. मुंबईचा सरळ मेलने येई. मग खांडव्याच्या फलाटावर वळकट्या, ट्रंका, फिरकीचे तांबे आणि मुलेबाळे उतरवून मीटरगेजच्या छोट्या डब्यांत बसावयाचे. 'खांडव्यास गाडी बदलणे' हा इंदूरच्या मराठी घरांतील कित्येक पिढ्यांचा अनुभव. लग्नाची वऱ्हाडे, बाळंतपणास निघालेल्या लेकी, सुटीत आजोळी जाणारी मुले, सर्वांना तो घडे. १९१७ आणि १९३५ या दोन्ही साली मराठी साहित्य संमेलन इंदुरास भरले. पहिल्याचे अध्यक्ष गणेश जनार्दन आगाशे, दुसऱ्याचे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. दक्षिणेतल्या मराठीचे आणि माळव्यातल्या मराठीचे नाते टिकले, त्यात या अरुंद रुळांचा वाटा लहान नाही.

परंतु गाडी बदलणे हे माणसास जितके त्रासाचे, त्याहून मालास अधिक. माणूस निदान स्वतःच्या पायांनी दुसऱ्या डब्यात जातो. गाठ आणि पोते यांना हमालाची पाठ लागते. इंग्लंडात १८४० नंतरच्या दशकात ग्लॉस्टर येथे दोन वेगवेगळ्या मापांचे रूळ एकत्र येत, तेव्हा तेथील मालाची उतरचढ पाहून लोक हैराण झाले आणि १८४६ साली पार्लमेंटला गेजविषयी कायदा करावा लागला. घरी हा अनुभव जमेस असतानाही इंग्रजांनी हिंदुस्थानात तोच घोटाळा पुन्हा घातला. खांडवा हे इंदूरचे ग्लॉस्टर झाले. तेथे प्रत्येक गाठ दोनदा उचलावी लागे आणि प्रत्येक वेळी थोडा वेळ व थोडा पैसा गळून जाई.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली पश्चिम रेल्वेची स्थापना झाली आणि इंदूर तिच्या हद्दीत आले. १९६० च्या सुमारास खांडवा ते हिंगोली हा दुवा पुरा झाल्यावर उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे मीटरगेज जाळे एकमेकांस जोडले गेले. जयपूरहून निघून रतलाम, इंदूर, महू, खांडवा, अकोला, पूर्णा या मार्गाने थेट हैदराबादच्या काचीगुड्यास जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस पुढे पुष्कळ वर्षे या मार्गावर धावत होती. विदर्भ आणि मराठवाडा यांना इंदूरशी सरळ बांधणारी अशी ही गाडी होती. त्याच दशकात उज्जैन-देवास-इंदूर हा ब्रॉडगेज मार्गही झाला, आणि इंदूरच्या आवारात प्रथमच रुंद रूळ आले. ते आले उत्तरेकडून. येथून स्टेशनचे तोंड फिरले.

तेव्हापासून जवळजवळ अर्धशतक इंदूर हे दोन मापांचे स्टेशन होते. एकाच आवारात एका बाजूस ब्रॉडगेजचे फलाट, दुसऱ्या बाजूस मीटरगेजचे. पुलावरून सामान नेणाऱ्या हमालांच्या रांगा हाच या दोन जगांतील दुवा. रेल्वेच्या दप्तरात तर एका इंदूरची दोन संकेतनामे होती : ब्रॉडगेजसाठी 'आयएनडीबी' आणि मीटरगेजसाठी 'आयएनडीएम'. आज मीटरगेज स्टेशनातून गेले आहे. तरी तिकिटावर छापलेले 'आयएनडीबी' हे नाव त्या जुन्या जोडसंसाराची खूण म्हणून उरले आहे. ब्रॉडगेज इंदुरास येऊन संपत असे. त्यामुळे दूरच्या गाड्यांना तेथून उलट फिरावे लागे, आणि बाजाराने चहूकडून वेढलेल्या आवारात त्या उभ्या करावयास जागा पुरत नसे. उतारूंची गर्दी, अपुरे फलाट, गाड्यांचा खोळंबा, या साऱ्यांचे मूळ त्या जुन्या निर्णयात होते.

ही कोंडी अलीकडे फुटू लागली आहे. २०१४ साली रतलाम-फतेहाबाद-इंदूर मार्ग रुंद झाला; २०१६ साली रुंद रूळ महूपर्यंत गेले. महूच्या स्टेशनास आता डॉ. आंबेडकर नगर असे नाव आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म जेथे झाला, त्या भूमीला वंदन करण्यासाठी दरवर्षी महाराष्ट्रातून सहस्रावधी माणसे येतात. इंदूरच्या काही दूरच्या गाड्या आता महूहूनच सुटतात, आणि लक्ष्मीबाईनगर स्थानकाचीही मदत घेतली जाते. लिफ्ट आणि सरकते जिने आले. जून २०२३ मध्ये इंदूर-भोपाळ वंदे भारत गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती नागपूरपर्यंत वाढविण्यात आली. संपूर्ण स्टेशन नव्याने बांधण्याचे कामही हाती घेण्यात आले आहे. या सोयींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. म्हाताऱ्या माणसाला पुलाच्या पायऱ्या चढाव्या न लागणे, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र याच काळात दक्षिणेची वाट मिटत गेली. मीटरगेज बदलावयाचे म्हणून अकोला-खांडवा मार्ग बंद झाला. तो मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून न्यावा की वळसा घालून, हा वाद दीर्घकाळ चालला. २०२३ च्या आरंभी महू ते सनावद हा शेवटचा तुकडाही थांबला. रुंद मार्गासाठी विंध्यातून नवा, सौम्य चढाचा रस्ता काढावयाचा आहे. त्यास लांब बोगदे लागणार आहेत. पातालपाणी ते कालाकुंड हा जुना घाट मात्र वारसा म्हणून राखला आहे. २०१८ च्या नाताळात तेथे प्रवाशांना घाट दाखविणारी खास गाडी सुरू झाली. पातालपाण्याजवळ टंट्या भिल्लाचे स्थान आहे. घाट उतरण्यापूर्वी गाड्या तेथे ब्रेक तपासण्यासाठी थांबत. लोक मात्र म्हणत की, गाडी टंट्यामामाला मुजरा करते. यंत्राच्या गरजेला श्रद्धेचा अर्थ देण्याची ही रीत मोठी लोभस आहे.

परिणामी आज इंदूरहून पुण्यास जाणारी गाडी प्रथम उत्तर-पश्चिमेकडे रतलामच्या बाजूला जाते, मग गुजरातेत उतरते, तेव्हा कोठे महाराष्ट्रात शिरते आणि वसईवरून वळते. दक्षिणेस निघालेल्या माणसाने आधी उत्तरेची प्रदक्षिणा घालावी, असा हा प्रवास आहे.

२ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज १८,०३६ कोटी रुपये. नाशिक आणि धुळे, बडवानी, खरगोन, धार आणि इंदूर या सहा जिल्ह्यांतून तो जाणार आहे. नकाशा उघडून पाहिला तर ध्यानात येते की, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा ही जवळजवळ त्या जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याचीच वाट आहे. तुकोजीरावांच्या काळी बैलगाड्यांचे तांडे ज्या मार्गाने जात, त्याच मार्गाने आता रूळ टाकावयाचे आहेत; आणि ज्या आदिवासी मुलुखाने आजवर आगगाडी पाहिली नाही, त्यालाही स्टेशने मिळणार आहेत.

श्रोतेहो, या इतिहासातून घेण्यासारखा बोध एवढाच की, लोहमार्ग बांधताना वाचविलेला पैसा पुष्कळदा पुढच्या पिढ्यांच्या खिशातून व्याजासह वसूल होतो. तुकोजीरावांनी एकशे एक वर्षांचा विचार करून एक कोटी रुपये दिले. मार्गाची रुंदी ठरविणाऱ्यांनी मात्र त्या वर्षीच्या खर्चाचा तक्ता समोर ठेवला. साडेचार टक्के व्याजाचा हिशेब केव्हाच मिटला. पण सव्वातीन फुटांच्या रुळांचे व्याज इंदूरचा उतारू अजून फेडीत आहे. नवे फलाट, नव्या इमारती आणि नव्या गाड्या यांचे स्वागत करताना आपण हेही पाहिले पाहिजे की, विंध्यातले आणि सातपुड्यातले बोगदे वेळेवर पुरे होतात की नाही. कारण ज्या दिवशी इंदूरच्या फलाटावरून सुटलेली गाडी पुन्हा सरळ नर्मदा ओलांडून दक्षिणेस जाईल, त्याच दिवशी १८६९ साली मांडलेला तो प्रस्ताव खऱ्या अर्थाने सिद्धीस गेला, असे म्हणता येईल.